ट्रॅपमधून पेलेट परत येतेय? आधी ती उचलून नीट बघा

घरच्या दहा मीटर एअरगन रेंजवर वारंवार येणारी तक्रार ठरलेली आहे. ट्रॅप म्हणजे लक्ष्यामागे लावलेला, पेलेट (एअरगनची शिशाची छोटी गोळी) अडवणारा डबा. ट्रॅप नवा होता तेव्हा सगळं ठीक होतं, दोन-तीन महिन्यांनी पेलेट फरशीवर उड्या मारत परत यायला लागली. मग कोणी पत्र्यावर रबर चिकटवतं, कोणी आत जुनी उशी कोंबतं. आठवडाभर बरं चालतं आणि पुन्हा टिक्-टिक् सुरू. ट्रॅपमध्ये काहीतरी बदलून बघण्याआधी परत आलेली पेलेट उचला आणि उजेडात धरा. ती कशावर आपटली हे तिच्या आकारावरून बहुतेक वेळा कळतं, आणि ते कळलं की दुरुस्ती अर्ध्या तासाची असते.

खालचं सगळं ४.५ मिमीच्या (.१७७) मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, एअर रायफल आणि एअर पिस्तुलाबद्दल आहे. रायफलची चपट्या डोक्याची पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमची, वेग सेकंदाला १७०-१७५ मीटर, म्हणजे ऊर्जा ८ ज्यूलच्या आसपास. पिस्तुलाची साडेपाच-सहा ज्यूल. साधी स्प्रिंगवाली एअरगन वापरत असाल तर ती याहून जोरकस असू शकते, तिच्यासाठी ३ मिमीपेक्षा पातळ पत्रा घेऊ नका. .२२ काडतुसाच्या बंदुकीसाठी यातलं काहीही वापरायचं नाही. तिची अडीच ग्रॅमची गोळी सुमारे १४० ज्यूल घेऊन येते, म्हणजे सतरा-अठरा पट. ती अधिकृत रेंजवरच चालवायची. आणि पोलादी बीबी (गोल छर्रे) किंवा सुईवाले डार्ट कुठल्याही पत्र्याच्या ट्रॅपवर मारू नका. शिसं चेपतं आणि त्यात ऊर्जा खर्च होते. पोलाद चेपत नाही, जसंच्या तसं उलटं येतं.

पेलेटचा आकार काय सांगतो

पेलेट जवळपास अख्खी आहे, कंबर शाबूत, मागचा घेर गोल, फक्त डोकं जरासं दबलेलं: ती लाकडावर, रबरावर किंवा ताणून बसवलेल्या कापडावर आपटली. सगळ्यात धोक्याची हीच. चेपण्यात ऊर्जा गेली नाही, म्हणजे ती घेऊन पेलेट परत निघाली. फायरिंग पॉइंटपर्यंत, म्हणजे नेमबाज उभा राहतो तिथपर्यंत, येणाऱ्या बहुतेक पेलेट्स या जातीच्या असतात.

टिकलीसारखी चपटी, कडेला बारीक चिरा: सरळ उभ्या पत्र्यावर काटकोनात बसली. टिकली स्वतः फार लांब येत नाही, ट्रॅपसमोर दीड-दोन मीटरवर पडते. पण तिच्या कडेचे तुकडे पत्र्याला समांतर, चारी बाजूंना उडतात. बाजूच्या भिंतीवर ट्रॅपच्या रेषेत करडे ठिपके दिसले तर ते हेच.

चंद्रकोरीसारखी किंवा अर्धी कापलेली: कडेवर, बोल्टच्या डोक्यावर किंवा लक्ष्याचं कार्ड धरणाऱ्या क्लिपवर लागली.

चकचकीत पातळ कपचे आणि सोबत करडी पूड: पत्रा बरोबर कोनात आहे, तो आपलं काम करतोय. खालचा ट्रे करत नाहीये.

डोक्यावर खळगा, किंवा दुसऱ्या पेलेटचा ठसा उमटलेला: शिसं शिशावर आपटलं. आत गाठ तयार झालीय.

पाच-सहा पेलेट्स गोळा करून बघा, एकीवर निदान करू नका. दोन जाती मिसळून आल्या तर कारणंही दोन आहेत.

आकारावरून उलगडा होत नसेल तर वर्तमानपत्र कामाला येतं. मोठं पान घ्या, मधोमध ट्रॅपच्या तोंडाएवढी खिडकी कापा आणि ते गळपट्ट्यासारखं ट्रॅपच्या तोंडाभोवती चिकटपट्टीने लावा. खाली फरशीवर दोन पानं, दोन्ही बाजूंना एकेक उभं. वीस शॉट मारा, मग पानं काढून खिडकीसमोर धरा. आतून बाहेर आलेल्या तुकड्याचं भोक बाहेरच्या बाजूला फुललेलं असतं. भोकं एकाच बाजूला असतील तर पत्रा आडवा तिरका झालाय. फक्त खाली असतील तर ट्रे. सगळीकडे सारखी असतील तर पत्रा उभा आहे किंवा त्यावर गाठ आहे.

अख्खी पेलेट परत येते तेव्हा

पहिला संशयित म्हणजे पत्र्याच्या पुढच्या बाजूला चिकटवलेलं रबर. आवाज कमी करायला लोक मॅट लावतात आणि पत्र्याचा ट्रॅम्पोलिन करून ठेवतात. रबर लावायचंच तर पत्र्याच्या पाठीमागे लावा. तिथे ते टणत्कार दाबतं आणि पेलेटच्या वाटेत येत नाही. शेजाऱ्यांची तक्रार असेल तर ट्रॅपच्या पायाखालीही रबराचे चार तुकडे ठेवा, निम्मा आवाज भिंतीतून जात असतो.

दुसरा संशयित लाकडी चौकट. ट्रॅपचं तोंड ३० सेंमी आणि त्याभोवती दोन इंची पट्टीची सुबक, पॉलिश केलेली फ्रेम. सुताराला समाधान, नेमबाजाला ताप. नवशिक्याच्या चुकलेल्या गोळ्या नेमक्या त्या फ्रेमवर बसतात आणि अख्ख्या उलटतात. फ्रेम काढता येत नसेल तर जुन्या कार्पेटच्या पट्ट्या फक्त वरच्या कडेला खिळून समोर लोंबत सोडा. चारी बाजूंनी ठोकलं की तेही ताणलेलं कापड होतं.

तिसरं, पुट्टी. परदेशातल्या व्हिडिओत ट्रॅपमध्ये कधीच न वाळणारी करडी पुट्टी भरलेली दिसते. ती आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात सहसा मिळत नाही, मग त्याऐवजी एम-सील किंवा सुताराची लांबी भरली जाते. दोन्ही दगडासारख्या कडक होतात. त्यातल्या त्यात चालतं ते मुलांचं तेलकट मॉडेलिंग क्ले, पत्र्यावर किमान ५ सेंमी जाडीचा थर. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात ते घसरून ट्रेमध्ये बसतं, आणि थंडीत सकाळी सहाला त्यावर मारलं तर पहिल्या काही पेलेट्स परत येतात. शिवाय दहा मीटरचा नेमबाज एकाच जागी मारतो. दोनशे-तीनशे शॉटनंतर मधोमध शिशाचा गड्डा होतो आणि डोक्यावर ठसे उमटलेल्या पेलेट्स मिळायला लागतात. गड्डा खणून काढा, क्ले हातमोजे घालून मळा, पुन्हा थापा. हे दर आठवड्याला करायची तयारी नसेल तर पुट्टीच्या वाटेला जाऊ नका. रोज सराव करणाऱ्याला हा प्रकार परवडत नाही.

चिंध्यांचा डबा

सगळ्यात शांत आणि स्वस्त ट्रॅप म्हणजे चिंध्या ठासलेला खोका: ३० × ३० × ३० सेंमी, मागे ३ मिमीचा पत्रा, पुढे खोक्याचा पुठ्ठा. मॅच रायफलची पेलेट दाबून भरलेल्या सुती कापडात १०-१५ सेंमीच्या आत थांबते. तरीही हा डबा बिघडतो, आणि दर वेळी एकाच पद्धतीने: एकाच जागी मारल्यामुळे मधोमध बोगदा पडतो, पेलेट सरळ मागच्या उभ्या पत्र्यापर्यंत पोहोचते आणि टिकली होऊन त्याच बोगद्यातून पुढे येते. पुठ्ठा काढून बोगद्यात बोट घालून बघू नका, पेन्सिल घाला. ती १५ सेंमीहून आत गेली की डबा उपसायची वेळ झाली.

भरताना जुनी जीन्स आणि सुती चादरी उत्तम. तेरिलीनच्या साड्या नकोत, त्या गुळगुळीत असतात, पेलेट घड्यांमधून वाट काढत जाते. झिप, बटणं, हुक, रिव्हेट एकूण एक कापून काढा. जीन्सच्या खिशाचं तांब्याचं बटण आत राहिलं तर कधीतरी नेम त्यावरच बसतो. कापडाच्या मुठीएवढ्या गुंडाळ्या करून उलटसुलट कोंबा. घड्या घालून थर रचले की पेलेट थरांमधून सरकते. खोका चौकोनीच करा, म्हणजे दर पाचशे पेलेटच्या डब्यानंतर तो एक चतुर्थांश फिरवता येतो. कार्ड मात्र मधोमध न लावता चारपैकी एका कोपऱ्याकडे सरकवून लावा, नाहीतर फिरवूनही मारा तिथेच बसतो.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात या डब्याला कुबट वास येतो. तो वास दुय्यम. ओलाव्यात शिशावर पांढरी पूड चढते, ती श्वासात जायला नको. जूनच्या आधी चिंध्या बदलून घ्या.

तिरक्या पत्र्याचा ट्रॅप: कोन आणि गाठ

रोज शंभर शॉट मारणाऱ्याने हाच करावा. तत्त्व साधं आहे. पत्र्याची वरची कड नेमबाजाकडे, खालची कड मागे, म्हणजे आपटलेलं शिसं खाली-मागे ट्रेमध्ये जातं. उलटं बसवलं, वरची कड मागे, की तेच शिसं छताकडे आणि ट्यूबलाइटकडे. हे सांगायची गरज पडू नये, पण फॅब्रिकेशनवाल्याला नुसतं ‘पंचेचाळीसचा कोन’ सांगितलं तर निम्म्या वेळा तो उलटा जोडून देतो. कागदावर बाजूने चित्र काढून द्या आणि गोळी कुठून येणार तो बाण त्यावर दाखवा.

माप असं: तोंड ३० × ३० सेंमी. मुख्य पत्रा ३ मिमी एमएस (माइल्ड स्टील), ३० × ४३ सेंमी. ४५ अंशात तो बरोबर ३० सेंमी खोली घेतो. बाजू २ मिमीच्या, तळही २ मिमीचा, पण तळ तोंडाच्या खालच्या कडेपेक्षा ५ सेंमी खोल, म्हणजे पुढे ५ सेंमीचा बांध तयार होतो आणि ट्रेमधलं बाहेर सांडत नाही. सगळं मिळून सहा-साडेसहा किलो लोखंड. जागा असेल तर पत्रा आणखी निजवा: तोंड ३० सेंमीच ठेवून जास्त लांब पत्रा आडव्याशी ३५ अंशात लावला तर खोली ४३ सेंमी होते आणि पेलेट फुटण्याचं प्रमाण कमी होतं. वेल्डिंग बाहेरून करून घ्या. आतल्या बाजूला वेल्डचा मणी राहिला तर तो ग्राइंडरने सपाट करा, आणि पत्रा बोल्टने अजिबात बसवू नका. समोर दिसणारं बोल्टचं एकही डोकं नको.

आता ‘आधी ठीक होता’ याचं उत्तर. कोन बदललेला असतो. ट्रॅप स्टँडवर एका नटाने टांगलेला असतो, रोजच्या धक्क्याने तो हळूहळू पुढे झुकतो किंवा मागे कलतो. ४५ चे ६० अंश झाले की शिसं ट्रेऐवजी बांधावर आणि तोंडाबाहेर पडायला लागतं. कोन मोजायला मोबाइलमधलं ॲप चालतं, पण ओळंबा जास्त विश्वासाचा. दोरा पत्र्याच्या वरच्या कडेवरून आत सोडा. कडेपासून दोऱ्यावर २० सेंमी खाली खूण करा. त्या खुणेपासून पत्र्यापर्यंत आडवं अंतर मोजा. ते २० सेंमी भरलं तर ४५ अंश. १५ च भरलं तर पत्रा उभा झालाय. नटाखाली स्प्रिंग वॉशर टाका, किंवा सरळ दोन नट एकमेकांवर कसा.

दुसरं उत्तर गाठ. पत्र्याच्या मध्यावर, जिथे मारा पडतो तिथे, शिशाचा पातळ थर चढत जातो. हात फिरवला तर रुपयाएवढा उंचवटा लागतो. त्याची वरची बाजू नेमबाजाकडे तोंड करून असते, म्हणजे तेवढ्या जागेत तुमचा ४५ अंशाचा पत्रा उभा झालेला असतो. ओला कपडा दाबून धरत प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने गाठ खरवडा. कानस किंवा तारेचा ब्रश वापरू नका, शिशाची धूळ उडते. गाठ निघाल्यावर खाली पत्र्यात खळगा दिसला तर तो पत्रा संपला. खळगा वाटीसारखा काम करतो आणि तुकडे आलेल्या दिशेने परत फेकतो. मॅच रायफलने ३ मिमीच्या पत्र्यात असा खळगा सहसा पडत नाही. पडलाय म्हणजे पत्रा पातळ आहे किंवा कोणीतरी त्यावर भलतंच काही मारलंय.

आत तेल किंवा ग्रीस लावू नका. गंजापासून वाचवायला लोक लावतात आणि मग त्यात शिशाची पूड कालवून काळा चिखल होतो, तो कार्डावर आणि हातावर येतो. रेड ऑक्साइड मारायचा तो बाहेरून.

ट्रे, पुठ्ठा आणि कडा

ट्रेचा तळ उघडा लोखंडी ठेवला तर पत्र्यावरून खाली आलेले कपचे तिथे आपटून पुढे उडतात. तळात गोणपाटाच्या दोन सैल घड्या ठेवा. वाळू नको. वाळूत शिसं मिसळलं की पुढे त्या वाळूचं काय करायचं हा वेगळा प्रश्न होतो. ट्रे भरत आला की गोणपाट झाकलं जातं आणि पुन्हा शिशावर शिसं. शंभर शॉट रोज, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर अडीच हजार पेलेट, म्हणजे सव्वा किलोहून जास्त शिसं. दिसायला ते थोडंच दिसतं, म्हणून ट्रे तसाच राहून जातो.

तोंडावर खोक्याचा पुठ्ठा लावणं हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित इलाज. वेगात आलेली पेलेट त्यातून सहज आत जाते, वेग गमावलेला तुकडा त्यातून बाहेर येऊ शकत नाही. कार्ड या पुठ्ठ्यावर चिकटवा, लोखंडी बाइंडर क्लिपने लटकवू नका. मधलं भोक पाच रुपयांच्या नाण्याएवढं झालं की पुठ्ठा बदला किंवा सरकवा. रायफलचा चांगला नेमबाज पंधरा दिवसांत एवढं भोक पाडतो. पत्र्याची वरची कड आणि पुढचा बांध यांच्यासमोरही कार्पेटची लोंबती पट्टी हवीच.

ट्रॅपच्या मागे गोधडी. साधारण सव्वा × दीड मीटर, फक्त वरून टांगलेली, खालून मोकळी, भिंतीपासून १५-२० सेंमी पुढे. मागे १८ मिमीचा प्लायवूड असेल तर आणखी बरं, पण प्लायवूड उघडा नको, गोधडी त्याच्या पुढे. ट्रॅप चुकलेली पेलेट सैल गोधडीत ऊर्जा घालवते आणि पायथ्याशी पडते. नवशिक्यासाठी दोन गोधड्या. एकदा रेंजवर गेलेली गोधडी पुन्हा अंथरुणात आणायची नाही.

कार्डाचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर, अंतर १० मीटर, उजेड कार्डावर किमान १५०० लक्स. फ्लॅटमध्ये हॉल आणि पॅसेज मिळून सातच मीटर भरत असतील तर अंतर कमी आहे हे लक्षात ठेवून ट्रॅप जास्त चोख हवा, कारण परतीचा प्रवासही तेवढाच छोटा. ५ मीटरवर सराव करत असाल तर उंचीही बदलते: नळी १.५० वर येत असेल तर कार्ड १.४५ वर, नाहीतर शरीराची सवय बिघडते. दिवा ट्रॅपच्या वर लावला असेल तर त्याच्यासमोर तिरकी पट्टी आणि पट्टीवर कार्पेट. ट्रॅप आणि नेमबाज यांच्यामध्ये उघडणारं दार आतून कडी लावून बंद. पॉलिकार्बोनेटचा चष्मा नेमबाजाला आणि खोलीतल्या प्रत्येकाला, ट्रॅप कितीही चांगला असला तरी.

शिसं साफ करताना

पंखा बंद. झाडू नाही, घरचा व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नाही, तो बारीक पूड मागून खोलीभर फवारतो. ओल्या कागदाने पुसायचं आणि कागद पिशवीत बांधायचा. ट्रेमधलं शिसं झाकणाच्या बरणीत, मुलांच्या हाताला न लागेल असं. ते घरी वितळवून वजनं-बिजनं करायचा उद्योग नको. बरणी भरली की शिशाच्या बॅटऱ्या अधिकृतपणे पुनर्वापरासाठी घेणाऱ्याकडे द्या. गोणपाट, चिंध्या आणि हातमोजे घरातल्या कपड्यांबरोबर मशिनमध्ये जाणार नाहीत. हात साबणाने आणि गार पाण्याने, चहाच्या आधी. पेलेटचा डबा आणि चहाचा कप एका टेबलावर नको, आणि हात मोकळा ठेवायला पेलेट ओठांत धरायची सवय लागली असेल तर ती आजच सोडा.

दुरुस्तीनंतरची चाचणी

ट्रे रिकामा करा, नवं गोणपाट घाला, नवा पुठ्ठा आणि वर्तमानपत्राचा गळपट्टा लावा, तीस शॉट मारा. ०.५३ ग्रॅमच्या तीस पेलेट म्हणजे १५.९ ग्रॅम. ट्रेमधलं सगळं शिसं दागिने तोलायच्या छोट्या डिजिटल काट्यावर ठेवा (हा काटा परत स्वयंपाकघरात जाणार नाही). १५ ग्रॅमच्या वर भरलं आणि वर्तमानपत्रावर एकही फुललेलं भोक नसेल तर ट्रॅप चालू करायला हरकत नाही. तेरा-चौदा भरलं तर उरलेलं शोधा. ते बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडतं: पुढच्या बांधाच्या आतल्या कोपऱ्यात चिकटलेलं, किंवा पत्रा आणि बाजू यांच्यातल्या फटीतून मागे गळलेलं. फट असेल तर बाहेरून आणखी एक टाका मारून घ्या आणि तीस शॉट पुन्हा.